स्क्रबरवर ‘३ तास’ लिहिलेलं असतं, ते नेमके कोणाचे ३ तास? (रिब्रीदरच्या चाचण्यांबद्दल)

तळगाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं पाठीवर साधी टाकी बांधून डायव्हिंग करतोय. आता क्लोज्ड सर्किट रिब्रीदरकडे वळायचं ठरवलंय. तीन यंत्रांची माहितीपत्रकं समोर आहेत. तिन्हींवर स्क्रबर किती वेळ टिकतो ते ठळक छापलंय: एकावर ३ तास, दुसऱ्यावर ४ तास, तिसऱ्यावर ‘५ तासांपर्यंत’. किती खोलीवर, किती थंड पाण्यात, श्वास कोण घेत होतं, याचा कुठे पत्ता नाही. पहिल्याच्या तळटीपेत ‘ईएन १४१४३ नुसार’ (रिब्रीदरचं युरोपियन मानक) एवढंच बारीक अक्षरात आहे.

या चाचण्या होतात कशा? आणि त्या आकड्यावर मी माझी डाइव्ह आखावी का? माझं आजचं मत विचाराल तर, आखू नये. पण ते मत भीतीतून आलंय, माहितीतून नाही. म्हणून हा धागा.

शंकेखोर

मी पोहण्यापलीकडे पाण्यात गेलेलो नाही, पण वाचायला आवडतंय. रिब्रीदर म्हणजे नक्की काय, आणि हा स्क्रबर काय घासतो?

चुनखडी

शंकेखोर, साध्या साधनात सोडलेला श्वास बुडबुडे होऊन पाण्यात जातो. रिब्रीदरमध्ये तो बाहेर जातच नाही. तोंडातून नळीत, नळीतून काउंटरलंग नावाच्या पिशवीत, तिथून स्क्रबरमधून परत तोंडात, असा गोल फिरतो. शरीर जेवढा ऑक्सिजन खर्च करतं तेवढाच छोट्या टाकीतून आत सोडायचा. त्यामुळे लहान टाकी खूप वेळ पुरते.

राहिला कार्बन डायऑक्साइड. तो पकडायला डब्यात सोडा लाइमचे दाणे असतात. मुख्यतः विरलेला चुना, थोडा कॉस्टिक सोडा आणि ओल. वायू त्यातून गेला की चुनखडी तयार होते, पाणी सुटतं आणि डबा गरम होतो. माझं टोपणनाव त्यावरूनच.

बुडबुडा

एरवी चुना लावला की माणूस बुडतो, इथे चुना संपला की बुडतो. :)

लंबक

श्वसनसाधनांच्या चाचणी प्रयोगशाळेत मी काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाड पोलादाची टाकी असते, आत थंड केलेलं पाणी. रिब्रीदर त्यात बुडवून बसवायचा, माउथपीस यंत्राच्या ‘तोंडाला’ जोडायचं, झाकण आवळायचं आणि दाब चढवायचा. ४० मीटरची चाचणी असेल तर आत ५ बार. श्वास घेतो तो पिस्टन. मोटरवर मागेपुढे होतो, आणि दिवसभर तुमच्या कानात तीच लय घुमत राहते.

स्क्रबरच्या चाचणीत मिनिटाला ४० लिटर श्वास चालू ठेवतात आणि त्यात मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड मिसळतात. सोडलेला श्वास मुद्दाम कोमट आणि दमट करायचा, कारण माणसाचा तसाच असतो आणि चुन्यालाही ओल लागते. पाणी ४ अंश सेल्सिअस. मग बसून पडद्याकडे बघत राहायचं. आत घेतल्या जाणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड किती, त्याची रेघ पडद्यावर सरकत असते. पहिला तास ती तळाला चिकटलेली. दुसऱ्या तासातही तेच. नवीन माणसाला वाटतं उपकरण बंद पडलंय. मग कधीतरी रेघ केसभर उचलते, आणि एकदा उचलली की घाट चढल्यासारखी चढते. ५ मिलिबारला पोचली की घड्याळ थांबवायचं. तळगाठ, प्रामाणिक माहितीपत्रकातला आकडा म्हणजे ती वेळ.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १.६ लिटर म्हणजे त्याच्या सहा-सात पट. प्रवाहाविरुद्ध नेटाने, न थांबता पाय मारणारा डायव्हर डोळ्यांपुढे आणा.

आता उलटा विचार करा. हाच डबा उथळ, कोमट पाण्यात, निम्म्या कार्बन डायऑक्साइडवर चालवला तर तो दुप्पट किंवा जास्तही टिकेल. ‘५ तासांपर्यंत’ हा आकडा असा येऊ शकतो. तो खोटा असेलच असं नाही, पण अटी लिहिल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

तळगाठ

लंबक, मनापासून आभार. खोली वाढली की वेळ का घटते? माणूस सोडतो तो कार्बन डायऑक्साइड तेवढाच ना?

लंबक

रेणू तेवढेच, बरोबर. पण ४० मीटरवर त्याच जागेत इतर वायूंचे रेणू पाचपट असतात. त्या गर्दीतून वाट काढत दाण्यापर्यंत पोचायचं, तेही वायू डब्यातून पुढे निघून जायच्या आत. थंडीत मुळात क्रियाच मंदावते. दोन्ही एकत्र आले की बराच चुना न वापरताच शिल्लक राहतो आणि वायू तसाच पलीकडे निसटतो. चाचणी संपल्यावर डबा उघडला की कधी कधी कडेचे दाणे जवळजवळ कोरे सापडतात.

खोलपाणी

म्हणजे आकडा कडक परिस्थितीतला आहे. मग एवढं घाबरायचं काय? मी १२ वर्षं रिब्रीदर वापरतोय. कोमट पाणी, निवांत डाइव्ह, छायाचित्रण. छापलेल्या वेळेच्या दीडपट एक भरण वापरतो. एकदाही काही झालेलं नाही. चाचणी यंत्राची असते, माझं शरीर मला कळतं.

भूलतज्ज्ञ

खोलपाणी, शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे.

ऑपरेशन थिएटरमधल्या भूलयंत्रात हाच सोडा लाइम असतो, रोज माझ्या हाताखाली. आमच्या दाण्यांत रंग बदलणारं द्रव्य असतं, चुना थकत आला की पांढऱ्याचे जांभळे होतात. पण डबा काही तास पडून राहिला की तो जांभळा फिका होतो. सकाळी बघाल तर दाणे पुन्हा पांढरे, ताकद मात्र परत आलेली नसते. म्हणून आम्ही रंगावर विसंबत नाही. समोर कॅप्नोग्राफ असतो, प्रत्येक श्वासाचा आलेख दिसतो.

पाण्याखाली बहुतेकांकडे तो आलेख नसतो. आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की आधी विवेक जातो. धाप, डोकेदुखी, अस्वस्थपणा ही लक्षणं खरी, पण ती ओळखायचं कामही त्याच मेंदूला करायचं असतं. ‘काही झालं नाही’ याचा अर्थ एवढाच की अजून रेघ उचललेली नाही. घाट किती जवळ होता हे तुम्हाला कधीच कळलेलं नाही.

खोलपाणी

डॉक्टर, रेघ दिसत नाही हे मान्य. पण मग छापील आकड्याच्या आत राहणाऱ्यालाही ती दिसत नाहीच की.

चुनखडी

अगदी खरं, आणि पुढचा मुद्दा तोच. प्रयोगशाळेत डबा सरावलेले हात भरतात. आपण भरतो होडीच्या डेकवर, वाऱ्यात, घाईत.

माझी पद्धत अशी. डबा सपाट जागी ठेवायचा. दाणे उंचावरून, बारीक धारेने सोडायचे, म्हणजे धूळ वाऱ्यावर उडून जाते. एक तृतीयांश भरला की तळहाताने चहूबाजूंनी थोपटायचं. दाणे खाली बसताना वाळू सरकल्यासारखा आवाज येतो. तो थांबला की पुढचा थर. शेवटी वर झाकण दाबून हलवून बघायचं. आत खुळखुळ आली तर पुन्हा उघडायचं. ती खुळखुळ म्हणजे मोकळी जागा. पाण्यात आडवं झालात की दाणे एका अंगाला बसणार, दुसऱ्या अंगाला वाट तयार होणार आणि वायू त्याच वाटेने पळणार. मग छापलेले ३ तास असोत की ५, तुम्हाला वीस मिनिटंही मिळणार नाहीत.

निळीरेघ

हे वाचून राहवलं नाही. तीन वर्षांपूर्वीची माझी गोष्ट सांगते.

डबा नवा, चुना ताजा, भरला व्यवस्थित. डब्याखालची ओ-रिंग (वायू निसटू नये म्हणून बसवायचं रबरी कडं) धुवून टॉवेलवर ठेवली होती, ती टॉवेलवरच राहिली. म्हणजे काही वायू चुन्यातून न जाता बाजूनेच निसटत होता. बुडीआधी नियमाप्रमाणे पाच मिनिटं बसून लूपवर, म्हणजे यंत्रातल्या त्या गोल फिरणाऱ्या वायूवर, श्वास घेतला. पूर्ण ठीक वाटलं. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह दाबाच्या चाचण्याही पार पडल्या, कारण गळती आतल्या आत होती, बाहेर नव्हती.

२८ मीटरवर थोडा प्रवाह लागला. पाय मारायला लागले आणि धाप लागली. थांबले, तरी धाप तशीच. मला वाटलं दमले असेन. मग एक विचित्र गोष्ट झाली. बेलआउटचा (संकटात वापरायच्या वेगळ्या टाकीचा) रेग्युलेटर छातीवर आहे, तो तोंडात घ्यायचाय, हे कळत होतं. पण त्यासाठी लूपचं माउथपीस दोन सेकंद सोडायला हवं होतं आणि ते दोन सेकंद श्वास रोखणं मला अशक्य वाटत होतं. जोडीदाराने माझे डोळे बघितले आणि स्वतःच रेग्युलेटर पुढे केला. वर आल्यावर दोन दिवस डोकं ठणकत होतं.

त्यानंतर मी माउथपीसवरच खटका असलेला बेलआउट व्हॉल्व्ह बसवून घेतला. तोंडातून काही काढावंच लागत नाही.

भूलतज्ज्ञ

निळीरेघ, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या पाच मिनिटांबद्दल २०१५ साली ‘डायव्हिंग अँड हायपरबॅरिक मेडिसिन’मध्ये एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झालाय. लोकांना पाच मिनिटं रिब्रीदरवर बसवलं. कधी स्क्रबर व्यवस्थित, कधी अर्धवट बिघडवलेला, कधी पूर्ण गायब, आणि आत्ता कोणता आहे हे त्यांना माहीत नाही. स्क्रबर पूर्ण गायब असतानाही काही जण पाच मिनिटं आरामात बसले. अर्धवट बिघाड तर जवळजवळ कोणालाच कळला नाही. तुमचा बिघाड याच जातीचा. तुमचं लक्ष कमी पडलं असं मनात आणू नका.

शंकेखोर

मग ती पाच मिनिटं बसायचं कशाला?

बुडबुडा

ऑक्सिजनसाठी! तेवढ्या वेळात ऑक्सिजन नीट सोडला जातोय का, ऑक्सिजन मोजणारे सेल प्रतिसाद देतायत का, हे कळतं. हँडसेटवर (हातातल्या पडद्यावर) नजर ठेवून बसायचं.

सेलची चाचणी घरच्या घरी होते आणि लोक तीच टाळतात. हवेत सेल १० मिलिव्होल्ट दाखवत असेल तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये साधारण ४८ दाखवायला हवा. ६ मीटरवर लूप ऑक्सिजनने धुवून घेतला की १.६ बार, म्हणजे ७६ च्या आसपास. सेल म्हातारा झाला की हवेत, जमिनीवर ठणठणीत दिसतो, पण वर एका मर्यादेपाशी अडकतो. समजा १.२ लाच अडकला आणि तुमचा सेटपॉइंट (यंत्राने राखायचा ऑक्सिजनचा दाब) १.३ आहे. यंत्र बिचारं ऑक्सिजन सोडतच राहणार, आकडा हलणार नाही, आणि तुम्ही जादा ऑक्सिजनने येणाऱ्या झटक्यांकडे चाललात.

तीन सेल असतात, बहुमताने चालतात म्हणून निर्धास्त राहू नका. दोन जुने एकाच वेळी अडकले तर एकटा खरं बोलणारा नवा सेल मतदानात हरतो.

तळगाठ

हे मला माहीतच नव्हतं. ऑक्सिजन नियंत्रणाचीही प्रयोगशाळेत चाचणी होते का?

लंबक

होते. पिस्टनच्या श्वासातून ठराविक वेगाने ऑक्सिजन काढून घेतात, खोली वरखाली करतात आणि यंत्र सेटपॉइंट किती घट्ट पकडून ठेवतं ते बघतात. खरी परीक्षा वर येताना. ६० मीटरवर दाब ७ बार. सेटपॉइंट ०.७ असेल तर लूपमध्ये ऑक्सिजन फक्त १० टक्के. काहीच न सोडता सरळ पृष्ठभागावर आलात तर तो ०.१ बार होतो, म्हणजे शुद्ध हरपणार, आणि हरपण्याआधी कसली सूचनाही नाही. यंत्र तेवढ्या वेगाने भर घालू शकतं का, हे टाकीत बघितलेलं बरं.

जुनापान

थोडं मागे जाऊ का? हेन्री फ्ल्यूसने १८७८ मध्ये पेटंट घेतलेल्या साधनात कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला दोरखंडाचा काथ्या असायचा. तेच घालून डायव्हर अलेक्झांडर लॅम्बर्ट १८८० मध्ये ब्रिटनमधल्या, पूर आलेल्या सेव्हर्न बोगद्यात, अंधारात सुमारे १,००० फूट आत गेला आणि लोखंडी दार बंद करून आला. चाचणी म्हणावी तर तीच.

दुसऱ्या महायुद्धात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश नौदलासाठी शुद्ध ऑक्सिजनवर माणसांच्या असंख्य चाचण्या घेतल्या. दोन गोष्टी ठळक दिसल्या. कोरड्या दाबकक्षात जे सहन होतं ते पाण्यात होत नाही, आणि तोच माणूस आज एक तास टिकतो तर उद्या दहा मिनिटांत झटके येतात. म्हणून शुद्ध ऑक्सिजनसाठी २५ फुटांची मर्यादा सुचवली गेली. त्या टाकीत स्वतःहून उतरलेल्या माणसांची आठवण ठेवावी असं मला नेहमी वाटतं.

शंकेखोर

लंबक, पिस्टन दमत नाही, घाबरत नाही. मग त्याच्यावरून माणसाचं काय कळणार?

लंबक

या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. पिस्टन एक गोष्ट माणसापेक्षा चांगली सांगतो: श्वास ओढायला किती कष्ट पडतात. प्रत्येक श्वासाला दाब आणि आकारमान यांचा आलेख काढतात. तो एक बंद वळसा असतो. पृष्ठभागावर, हळू श्वासाला तो केळ्यासारखा बारीक दिसतो. खोली आणि वेग वाढवत गेलं की फुगत फुगत अंड्याएवढा होतो. त्याच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे श्वसनाचं कार्य, ज्यूल प्रति लिटरमध्ये. ईएन १४१४३ मध्ये मिनिटाला ७५ लिटर श्वासाला २.७५ ची मर्यादा धरलेली आहे. शिवाय यंत्र उलटंपालटं फिरवून मोजतात, कारण काउंटरलंग फुप्फुसांपेक्षा २० सेंटिमीटर वर गेली की प्रत्येक श्वास २० मिलिबारच्या ओढीविरुद्ध घ्यावा लागतो.

हे का महत्त्वाचं? पिस्टनला मोटर आहे, तो कितीही कष्ट झाले तरी ४० लिटर ओढणारच. माणूस कष्ट वाढले की नकळत कमी श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड शरीरातच साठतो, स्क्रबर अगदी नवा असला तरी. ८ जानेवारी २००५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये सुमारे २७० मीटरवर रिब्रीदर डायव्हर डेव्ह शॉ मरण पावला तो याच साखळीत. दाट वायू, खाली केलेली मेहनत, वाढत गेलेली धाप, आणि श्वास पुरा पडेना.

म्हणून यंत्रानंतर माणसांच्या चाचण्या लागतातच. अमेरिकन नौदलाच्या, फ्लोरिडाच्या पनामा सिटीतल्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्रात पाण्याखाली सायकल चालवायला लावून हे मोजतात. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये चाचणी-डाइव्हच्या नोंदींवरून वायूच्या घनतेची मर्यादा मांडली: शक्यतो ५.२ ग्रॅम प्रति लिटर, आणि ६.२ च्या पलीकडे नकोच. हवा ५.२ ला पोचते ती साधारण ३१ मीटरवर. म्हणजे ४० मीटरवर डिल्युएंट (लूपमध्ये ऑक्सिजन पातळ करायला भरतात तो वायू) म्हणून नुसती हवा घेऊन मेहनत करणाऱ्याने स्क्रबरच्या तासांआधी हा हिशेब करावा.

खोलपाणी

माझं छायाचित्रण ३८ मीटरवर, हवेच्या डिल्युएंटवर चालतं. कॅमेरा ढकलत पोहतो. हे मी कधी मोजलंच नव्हतं.

तरी एक मुद्दा सोडत नाही. अँड्र्यू फॉक यांच्या २०१३ च्या विश्लेषणात १९९८ ते २०१० या काळातले रिब्रीदरवरचे १८१ मृत्यू धरलेत आणि धोका साध्या साधनापेक्षा ४ ते १० पट सांगितलाय. त्या काळात चाचण्या होत नव्हत्या असं नाही. मग टाकीतल्या चाचणीने नेमकं कोण वाचलं?

निळीरेघ

खोलपाणी दादा, माझं यंत्र सगळ्या चाचण्या पार केलेलंच होतं. ओ-रिंग मी विसरले. २०१२ साली ऑर्लँडोला झालेल्या तिसऱ्या रिब्रीदर फोरममध्ये चेकलिस्टचा एवढा आग्रह धरला गेला तो यासाठीच. आता मी यादी मोठ्याने वाचते आणि जोडीदार प्रत्येक वस्तूला बोट लावतो. ‘ओ-रिंग’ म्हटलं की त्याचं बोट ओ-रिंगवर टेकलेलं मला दिसावं लागतं. मान हलवलेली चालत नाही.

चुनखडी

आणि एक ओ-रिंग गेली तर यंत्र जुळूच नये, अशी रचना करता येते. काही बनवणाऱ्यांनी केलीही आहे. ‘एक भाग वगळून जोडून बघा’ हीसुद्धा चाचणीच. विकत घेण्याआधी दुकानात उभं राहून हे करायला काय हरकत आहे?

खोलपाणी

ही कल्पना पटली. उद्या माझ्याच यंत्रावर करून बघतो. आणि ३८ मीटरसाठी हवेपेक्षा हलकं, हेलियमचं मिश्रण घेतो. चुन्याच्या दीडपटीबद्दल डॉक्टरांशी अजून भांडायचंय, पण तोपर्यंत दीडपट बंद.

भूलतज्ज्ञ

भांडायला केव्हाही या. आधी बंद केलंत, एवढं पुरे.

तळगाठ

चार दिवसांनी परत आलो. तिन्ही बनवणाऱ्यांना एकच पत्र पाठवलं: आकडा नको, आलेख पाठवा, आणि त्यासोबत खोली, पाण्याचं तापमान, मिनिटाचा श्वास, कार्बन डायऑक्साइडचा दर आणि चुन्याचा प्रकार कळवा.

३ तासवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी पूर्ण अहवाल पाठवला. ४० मीटर, ४ अंश, १.६ लिटर. लंबक, तुमची ती रेघ बघितली. खरंच तळाला चिकटलेली आणि मग घाट. श्वसनकार्याचे वळसेही आहेत, यंत्र पालथं आणि उताणं ठेवून काढलेले. ४ तासवाल्यांनी स्क्रबरचा आलेख दिला. श्वसनकार्याचा एकच वळसा दिलाय, तो उभ्या स्थितीतला. पालथ्या स्थितीतला मागितलाय. ‘५ तासांपर्यंत’वाल्यांनी रंगीत माहितीपत्रक पुन्हा पाठवलं.

रविवारी पहिलं यंत्र हाताळायला मिळणार आहे. एक ओ-रिंग काढून जोडून बघणार. जुळलं की नाही, इथे लिहितो.

निळीरेघ

डब्याखालचीच काढून बघा.